‘फुटेज’ : माप की प्रमाण?

आज एकच शब्द घेऊ या : फुटेज. ‘सीसीटीव्ही फुटेज हाती आलं’ असं आपण बातम्यांत रोज ऐकतो. हाती येतं ते नक्की काय?

शब्द आला ‘फूट’ या मापावरून. मैलावरून ‘मायलेज’, तसं फुटावरून ‘फुटेज’. म्हणजे एकूण किती फूट फिल्म. ३५ मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर मिनिटाला ९० फूट. हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. मूकपटांच्या काळी कॅमेरा हातानं फिरवत, वेग कमीजास्त होई. त्यामुळे मिनिटांपेक्षा फूट भरवशाचे. फुटाफुटाला पैसे पडत, म्हणून काय टिपायचं ते आधी ठरवावं लागे. ‘तो फार फुटेज खातो’ असं आपण म्हणतो ना, त्यातही हाच हिशेब आहे : फिल्म मोजकी, एकानं जास्त खाल्ली की दुसऱ्याच्या वाट्याला कमी.

आज फिल्म गेली, फूट गेला, शब्द राहिला. त्याबद्दल आमची तक्रार नाही; शब्द असेच जगतात. तक्रार वेगळी आहे. आपला ‘प्रमाण’ शब्द पाहा. ‘मा’ म्हणजे मोजणे, या धातूपासून तो झाला. त्याचा एक अर्थ माप, दुसरा यथार्थ ज्ञानाचं साधन. फुटेज पहिल्या अर्थानं प्रमाण होतं; आपण त्याला सरसकट दुसऱ्या अर्थानं प्रमाण करून टाकलं. ‘फुटेज आहे ना, मग झालं!’

पण न्यायदर्शनात प्रमाणाबरोबर प्रमाताही लागतो, म्हणजे जाणणारा. लॅटिनमध्ये ‘व्हिडिओ’चा अर्थच मुळी ‘मी पाहतो’. भिंतीवरच्या कॅमेऱ्यात हा ‘मी’ कुठे आहे? परवा वीस सेकंदांचा एक तुकडा पाहून आम्हीही एका माणसाला मनातल्या मनात मारेकरी ठरवलं. पुढचा भाग पाहिला तेव्हा कळलं, तो पडलेल्याला उचलत होता. सत्तरी ओलांडली, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तरी हे झालं!

तुकडा कुठून कापला, आधी काय घडलं, कॅमेऱ्याच्या बाहेर काय होतं, हे विचारणं पाहणाऱ्याचं काम आहे. तोवर फुटेज हा कच्चा माल, निकाल नव्हे. कुणाची अब्रू त्यावर टांगलेली असते, एवढं ध्यानात ठेवू या. असो, इथंच थांबतो.