क्षणजीवी कागद आणि इतिहासदृष्टी : द. ग. गोडसे यांच्या चित्रसामग्रीच्या संग्रहाचा विचार

प्रस्तावना

नागपूर–छिंदवाडा मार्गावरील सावनेर हे गाव मराठी नाट्येतिहासाशी दोन प्रकारे जोडलेले आहे. राम गणेश गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी येथे निधन झाले. तसेच दत्तात्रय गणेश गोडसे (१९१४–१९९२) यांचे शालेय शिक्षण येथे झाले. गोडसे हे चित्रकार, नेपथ्यकार, नाटककार, कलासमीक्षक आणि इतिहासलेखक होते. ‘पोत’ (१९६३), ‘शक्तिसौष्ठव’ (१९७२), ‘मस्तानी’ (१९८९) हे त्यांचे ग्रंथ अभ्यासले जातात. त्यांनी केलेली मुखपृष्ठे, कथाचित्रे, नेपथ्याचे आराखडे आणि वेशभूषेची रेखाटने मात्र किरकोळ कागद समजली जातात. ही विभागणी गोडसे यांच्या आकलनास कितपत बाधक ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नकाशाचे उदाहरण

पेशवेकालीन मराठी नकाशांत किल्ले, देवळे व झाडे उभी चितारलेली आणि नावे मोडीत लिहिलेली आढळतात. हे नकाशे त्या काळी केवळ कामाचे कागद होते. प्रयोजन संपले की दप्तरात पडून राहत. वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळविली आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्यानंतर असे कागद जपण्याला संस्थात्मक आधार मिळाला. कागदाचे मोल त्याच्या मूळ प्रयोजनावरून ठरत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

नेपथ्याचा आराखडा हाही एका अर्थी चित्रमय नकाशाच होय. प्रवेशाच्या वाटा, चौथऱ्यांची उंची, पात्रांच्या हालचालींना मोकळी ठेवलेली जागा यांची त्यात मोजून नोंद असते. गोडसे यांनी विजया मेहता यांच्यासारख्या दिग्दर्शकांच्या प्रयोगांसह शंभरावर नाटकांसाठी काम केले. प्रयोग थांबला की देखावा मोडला जातो. मागे उरतात आराखडे, रेखाटने, छायाचित्रे, जाहिराती आणि कार्यक्रमपत्रिका. नेपथ्यकाराच्या विचाराचा पुरावा एवढाच असतो.

चित्र आणि इतिहासलेखन

मस्तानीसारख्या उपेक्षित व्यक्तीचे पुनर्मूल्यमापन करणारा लेखक ऐतिहासिक पात्राला वस्त्र कोणते देतो, पगडीची ठेवण कशी दाखवितो, हे प्रश्न गौण नाहीत. लेखनात संदिग्धतेला जागा असते. रेखाटनात बाहीची लांबीही निश्चित करावी लागते. त्यामुळे रेखाटन हे इतिहासाचे एक प्रकारचे अर्थनिर्णयनच ठरते. अर्थात प्रत्येक चित्रात लेखकाचे मत शोधणे धाडसाचे होईल. दिग्दर्शकाची अपेक्षा, प्रकाशकाचे अंदाजपत्रक, ठशांची छपाई आणि रंगांची मर्यादा यांनीही चित्र घडते. म्हणूनच एकटे चित्र पुरेसे नसून त्याचा संदर्भ जपणे आवश्यक आहे.

संग्रहातील दोष

या दृष्टीने दोन प्रचलित पद्धती घातक आहेत. ग्रंथालयात पुस्तक बांधणीला जाताना वेष्टन काढून टाकले जाते. त्याबरोबर चित्रकाराची स्वाक्षरीही जाते. दुसरीकडे हौशी संग्राहक जुन्या अंकांतील चित्रे कापून स्वतंत्र ठेवतो. पहिल्यात चित्र नष्ट होते, दुसऱ्यात त्याचा संदर्भ. नुकसान दोन्हींकडे सारखेच आहे. किंबहुना दुसऱ्या प्रकारात जतन केल्याचा भ्रम असल्याने ते अधिक काळ ध्यानात येत नाही.

समारोप

महाविद्यालयीन ग्रंथालयांना यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. मूळ वेष्टन आम्लरहित पाकिटात ठेवणे. नोंदवहीत आवृत्ती, वर्ष, प्रकाशक, चित्रकार व छपाईची पद्धत लिहिणे. नाटकाच्या पत्रिकेवर प्रयोगाची तारीख व स्थळ नोंदविणे एवढे पुरे आहे. अंक फाडू नये, तो पूर्ण ठेवावा. मराठी, इतिहास आणि ग्रंथालयशास्त्र या विभागांना हा प्रकल्प संयुक्तपणे हाती घेता येईल. सावनेर परिसराला त्यासाठी वेगळ्या निमित्ताची आवश्यकता नाही. गोडसे यांचे ग्रंथ पुन्हा छापता येतील. हरवलेले रेखाटन पुन्हा मिळणार नाही. त्यांच्या इतिहासदृष्टीचे मूल्यमापन शब्द आणि रेषा समोरासमोर ठेवूनच पूर्णत्वास जाऊ शकेल.