गलगंडाचे एक वाक्य

‘आयोडीनच्या अभावी गलगंड होतो.’ अभावजन्य रोगांच्या तक्त्यातले हे वाक्य मुलांना तोंडपाठ असते. ते चूक नाही, पण अपुरे आहे.

आयोडीन कमी, तर ग्रंथी मोठी कशी? थायरॉक्सिन कमी पडले की पीयूषिका ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक जास्त सोडते. त्याच्या रेट्याने अवटू ग्रंथी वाढते. हा दुवा तक्त्यात नाही.

पुरावाही नाही. १९५६ साली डॉ. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी कांग्रा खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, एकाला साधे. १९६२ पर्यंत त्या दोहोंत गलगंड घटला, तिसऱ्यात नाही. मग तिसऱ्यालाही आयोडीन मिळाले.

शिवाय या वाक्यावर विसंबलेली मुलगी पुढे सतत थकवा आला, थंडी सोसेना, तरी ‘गळा सुजलेला नाही’ म्हणून निर्धास्त राहील. आयोडीनयुक्त मीठ रुळलेल्या भागात अवटू मंदावण्याचे प्रमुख कारण निराळे आहे : शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. तिथे मीठ पुरत नाही. रक्ततपासणी आणि गरजेनुसार थायरॉक्सिनची गोळी लागते.

तक्ता राहू द्या. फक्त ‘का?’ आणि ‘कशावरून?’ असे दोन रकाने त्यात वाढवा.