रात्रभर भिजलेली कॉफी

कोल्ड ब्रू कॉफीचा पेला समोर आला की आधी तिच्यात काय नाही तेच जाणवतं. वाफ नाही, फेस नाही, साय नाही. पेला ओठांशी यायच्या आधीच खोलीभर होणारा कॉफीचा वासही नाही. रंग काळाच, पण पेला खिडकीच्या उजेडात धरला तर कडेला गडद तांबूस झाक दिसते. कडू लागणार म्हणून जीभ आधीच सावध झालेली असते, आणि पहिल्या घोटाला कडूपणा येतच नाही. येतो तो दबका, साखरेविना आलेला गोडवा. मेळघाटातली वाळवलेली मोहाची फुलं ज्यांनी चघळली असतील त्यांना हा गोडवा ओळखीचा वाटेल. त्यामागून खरपूसपणा येतो. कडूपणा सगळ्यांत शेवटी, घोट गिळून झाल्यावर टाळूला लागतो आणि फार वेळ रेंगाळतही नाही. गरम कॉफी आधी नाकाला गाठते, मग जिभेला. इथे जीभ आधी आणि वास मागाहून, घशातून वर चढणारा. या पेयाची सगळी गंमत या उलट्या क्रमात आहे.

हा क्रम उलटतो कशामुळे? उकळतं पाणी कॉफीच्या पुडीतून हाताला लागेल ते सगळं एका दमात ओढून घेतं : सुगंध, आम्लं, कॅफीन, आणि भाजताना तयार झालेली कडू द्रव्यंही. गार पाण्याची ती ताकद नाही. साधं कॅफीन घ्या. खोलीच्या तापमानाच्या लिटरभर पाण्यात ते वीस-एक ग्रॅम विरघळतं. उकळत्या पाण्यात त्याच्या तीसपट. अर्थात, पेलाभर कॉफीला लागणारं कॅफीन गार पाण्यालाही पेलतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. विस्तवाचं काम इथे वेळ करतो, आणि वेळाची निवड वेगळी असते. जे सहज विरघळतं ते येतं, जे चिवट आहे त्यातलं बरंच चोथ्यातच राहतं. उडून जाणारा सुगंधही पाण्यात कोंडलेला राहतो, म्हणून तो नाकाऐवजी घशात उमलतो.

ही कॉफी आम्लरहित असते आणि पित्त असणाऱ्यांनी बिनधास्त प्यावी, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. निनी राव आणि मेगन फुलर या फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी २०१८ साली इथिओपिया, ब्राझील, कोलंबिया अशा वेगवेगळ्या देशांतल्या बियांची कॉफी दोन्ही रीतींनी करून मोजली. गरम असो की गार, पीएच ४.८५ ते ५.१३ याच पट्ट्यात आला. फरक होता तो एकूण आम्लांच्या साठ्यात. गरम कॉफीत तो अधिक निघाला. जिभेला जी सौम्यता वाटते तिला आधार आहे, पण तिला औषध समजू नये.

औषधावरून आठवलं. शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथात काढ्यांचे प्रकार सांगितले आहेत. उकळून आटवायचा तो क्वाथ, गरम पाणी ओतून मुरवायचा तो फांट, आणि कुटलेलं द्रव्य सहापट गार पाण्यात रात्रभर भिजत ठेवून सकाळी गाळायचा तो हिम. उन्हाळ्यात आपल्या घरांतून रात्री धणे भिजत घालतात आणि सकाळी ते पाणी पितात, ती हीच रीत. सहापट पाणी, रात्रभर वेळ, मग गाळणं : कोल्ड ब्रूची आजची कृती यापासून फार लांब नाही. म्हणून मला ही कॉफी मॉलमधल्या महागड्या बाटलीत परकी वाटते आणि अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या धामणगावच्या स्वयंपाकघरात आपली वाटते.

मात्र धामणगावचा उन्हाळा कुठलीही कृती जशीच्या तशी चालू देत नाही. बारा तास ओट्यावर झाकून ठेवा, असं ज्या कृतींत लिहिलेलं असतं त्या वीस-बावीस अंशांच्या खोलीसाठी लिहिलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही भिंती तापलेल्या असतात. अशा उकाड्यात भिजवण उग्र होतं, शिवाय ते कधी उकळलेलं नसल्यामुळे नासायला वेळ लागत नाही. तेव्हा फ्रिजच. शंभर ग्रॅम पुडीला आठशे मिलिलिटर पाणी, काचेची बरणी, आणि सोळा ते अठरा तास. सुरुवातीला पूड पाण्यावर तरंगते; पाच मिनिटांनी चमच्याने एकदा खाली बसवायची आणि मग हात लावायचा नाही. चोथा आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी धरून ठेवतो, त्यामुळे हाती सहाशे मिलिलिटरच्या आसपास दाट अर्क येतो. बोअरचं पाणी भांड्यांवर पांढरा थर धरत असेल तर ते टाळावं. त्यातले क्षार कॉफीतली आंबूस बाजू मारून टाकतात आणि चव सपाट होते.

गाळण्याबद्दल मात्र मला थोडं थांबून सांगायचं आहे. स्टीलच्या गाळणीतून बारीक गाळ खाली उतरतो. पेला गढूळ होतो आणि तळाशी गेल्यावर दाताखाली कचकच येते. कापडातून गाळलेली कॉफी नितळ येते, तेलाचा अंशही बराचसा कापडातच राहतो, आणि तो दबका गोडवा मोकळा होतो. धामणगाव ही कापसाची जुनी पेठ. १८६७ साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली आणि यवतमाळकडच्या कापसालाही हेच स्टेशन जवळचं झालं. अशा गावात गाळायला सुती कापड मिळणं अवघड नाही. मांजरपाटाचा तुकडा घ्यावा आणि आधी दोनदा उकळून त्याची खळ काढावी, नाहीतर कॉफीला खळीचा वास लागतो. वापरल्यावर साबण न लावता धुवावा आणि ओलाच डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा. वाळला की त्यात अडकलेलं तेल खवट होतं. गाळताना पिळू नये. पिळलं की चोथ्यात मागे ठेवलेला कडूपणा पेल्यात येतो आणि रात्रभराचा संयम एका क्षणात वाया जातो.

मराठी घरांत कॉफी म्हणजे दुधाची, जायफळ-वेलदोडा घातलेली, पाहुण्यांसाठी केलेली. ती मला प्रिय आहे. पण तिच्यात बीची चव दूध आणि जायफळ झाकून टाकतात. कोल्ड ब्रूत लपायला जागा नाही. बी हलकी असेल तर पेल्यात तेच उतरतं. बाजारातल्या बऱ्याच फिल्टर कॉफीच्या पुड्यांत चिकोरी असते. चिकोरी गार पाण्यातही भराभर विरघळते, सगळा पेला काळा करते आणि कॉफीला बोलू देत नाही. शिवाय ती पूड फार बारीक असते; इथे जाड दळलेली हवी.

आणि चांगल्या बीसाठी दरवेळी कर्नाटकाकडेच पाहायला हवं असंही नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यात, परतवाड्याहून घाट चढून गेलं की चिखलदरा. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर, गाविलगडाच्या डोंगरात. महाराष्ट्रात कॉफी पिकते म्हटलं की नाव याच गावाचं निघतं. पंचेचाळीस अंशांच्या पठाराला लागून, त्याच जिल्ह्याच्या माथ्यावर कॉफीची झाडं सावलीत वाढतात, ही वऱ्हाडची मोठी श्रीमंती आहे आणि आपण ती पुरेशी चाखलेली नाही.

प्यायची कशी, याबद्दल माझं मत पक्कं आहे. बर्फ घालू नये. फार गार पेयात जीभ बधिरते आणि पहिला बळी त्या गोडव्याचाच जातो. अर्काइतकंच माठातलं पाणी घालावं. वऱ्हाडच्या कोरड्या उन्हात माठ कोकणातल्यापेक्षा कितीतरी चांगला काम करतो, आणि त्या पाण्याचा गारवा या कॉफीला नेमका पुरतो. दूध घालायचं असेल तर दुसऱ्या पेल्यात. अर्क चार-पाच दिवसांत संपवावा, आणि पाणी न घालता पिऊ नये. तो दिसतो त्यापेक्षा बराच जोरकस असतो.

चिखलदऱ्याला गेलात तर दळलेली पूड आणू नका. भाजलेल्या अख्ख्या बिया मागा, घरच्या मिक्सरवर थांबत थांबत ज्वारीच्या कण्यांएवढ्या जाड दळा, आणि पहिला पेला दूध-साखरेवाचून प्या.