ठेक्याची खाली

गणेश विसर्जनाच्या रात्री उचगावच्या गल्लीतून मिरवणूक जाऊ लागली, की दोन पिढ्यांतील जुना तंटा पुन्हा उभा राहतो. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, हा नुसता धिंगाणा. तरुण मंडळी उत्तर न देता नाचत राहतात. वयाने आम्ही पहिल्या पक्षाचे. तथापि अजय-अतुल या बंधुद्वयाचा ठेका कानी पडला की आमचाही पाय हलतो, हे आधीच कबूल केलेले बरे. तो का हलतो, आणि मिरवणुकीत तोच ठेका नकोसा का होतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय.

आपल्या तालविचाराने ठेक्याला सम दिली, तशी खालीही दिली. त्रितालाच्या सोळा मात्रांत नवव्या मात्रेवर डग्ग्याचा घुमारा मिटतो, आणि त्या रिकामेपणामुळेच पुढच्या समेला वजन येते. लोकपरंपरेलाही हे मर्म ठाऊक आहे. गोंधळात संबळ कितीही कडाडो, आख्यान सुरू झाले की तो पाऊल मागे घेतो. ठेका उचलणे हातांच्या बळावर होते; तो योग्य वेळी सोडण्यास मात्र विवेक लागतो.

या कसोटीवर ‘जोगवा’ (२००९) हा चित्रपट पाहावा. राजीव पाटील यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांचा आधार आहे. त्याचा विषय आपल्या उंबऱ्यावरचा. सौंदत्तीची यल्लम्मा आपल्याच बेळगाव जिल्ह्यातील, आणि तिच्या नावाने सोडलेल्या मुलामुलींचे दुःख या भागाने डोळ्यांनी पाहिले आहे. देवदासी सोडण्यास कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी झाली, ती त्या दुःखाची साक्षच होय. ‘लल्लाटी भंडार’ या गीतात अजय गोगावले यांचा तापलेला गळा आणि मेळ्याचा ठेका ऐकणाऱ्याला भंडाऱ्याच्या धुळीत ओढून नेतात. मात्र त्याच चित्रपटातील ‘जीव रंगला’ या गीतात वाद्ये जणू श्वास रोखून बसतात. देवीच्या नावाने ज्यांचे आयुष्य ओढून नेले, त्या दोघांना स्वतःचे असे चार क्षण मिळतात ते या शांततेत. एक गीत सम, तर दुसरे खाली. या चित्रपटासाठी जोडीला सर्वोत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला, आणि ‘जीव रंगला’च्या गायनासाठी हरिहरन व श्रेया घोषाल यांचाही गौरव झाला.

‘सैराट’ (२०१६) विषयी काय सांगावे? ‘झिंगाट’वर नाचला नाही असा मांडव त्या वर्षी विरळाच. परंतु नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाचा शेवट आठवा. रक्ताने माखलेली पावले उमटवीत एक लेकरू दाराबाहेर येते, आणि पडद्यावर आवाज म्हणून काहीही उरत नाही. ज्या चित्रपटाने अवघ्या महाराष्ट्राला नाचविले, तो अशा निःशब्दतेत संपतो. ‘झिंगाट’चा आनंद किती कोवळा होता, हे तिथे उमगते.

कोणी म्हणेल, दोष यंत्राचा आहे. म्हणून ही कसोटी परमुलखातील एका जोडीस लावून पाहू. टॉम रोलंड्स आणि एड सायमन्स हे मँचेस्टर विद्यापीठातील इतिहासाचे विद्यार्थी ‘केमिकल ब्रदर्स’ या नावाने विख्यात झाले. ‘बिग बीट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीताचे ते अग्रणी. त्यांची पहिली संपूर्ण तबकडी १९९५ ची. जुन्या तबकड्यांतील ढोलाचे तुकडे कापावेत, यंत्रावर फिरवीत ठेवावेत, त्यांखाली जडशीळ खर्ज घालावा, असा हा प्रकार. २००५ च्या ‘गॅल्व्हनाइझ’मध्ये तर त्यांनी मोरोक्कोच्या गायिका नजात आताबू यांच्या गीतातील तंतुवाद्यांचा तुकडा घेतला. येथे सारे यंत्राचेच. तरीही ठेका चढवीत नेऊन ऐन भरात काढून घ्यावा, श्रोत्याला अधांतरी ठेवावे आणि मगच समेवर आणावे, ही खुबी त्यांना अवगत आहे. यंत्रालाही खाली शिकविता येते, ती अशी.

आमच्या आवडत्या जोडीचे सारेच निर्दोष आहे, असे नव्हे. ‘धडक’ (२०१८) मध्ये ‘झिंगाट’ हिंदीत आले. चाल तीच, ठेकाही तोच. पण मराठी शब्दांतील ठसका गेला, आणि मूळ मातीचा वास नसलेली नुसती उसळी उरली. काही गीतांत वाद्यवृंदाची भव्यता इतकी दाटते, की शब्दाला उभे राहावयास जागा मिळत नाही. चाहत्याने हेही सांगितले पाहिजे.

आता मिरवणुकीकडे वळू. तिथे गीत तेच असते. हरवलेली असते ती खाली. एका गाण्याची शेपटी दुसऱ्याच्या तोंडात घालून चार तास अखंड वाजविले, तर उत्तम ठेकाही घणाचे घाव होतो. तेव्हा तरुणांच्या आवडीला नावे ठेवू नयेत. त्यांच्याकडे एवढेच मागावे, की देवळासमोर पालखी थांबली असता भिंतीएवढे ते कर्णे बंद व्हावेत, टाळ हाती घ्यावेत आणि आरती मोकळ्या गळ्याने म्हणावी. ती पाच मिनिटे म्हणजे मिरवणुकीची खाली. त्यानंतर ‘झिंगाट’ खुशाल वाजू द्या. समेवर येताना आमचाही पाय हलेल.