स्टेट अँड मेन

अमेरिकन विनोदी चित्रपट (२०००). लेखन व दिग्दर्शन नाटककार डेव्हिड मॅमेट (१९४७– ) याचे. चित्रपट-व्यवसायाचा उपहास त्याने स्पीड-द-प्लाउ (१९८८) या नाटकात पूर्वीच केला होता. येथे त्या व्यवसायाची गाठ एका लहान गावाशी घातली आहे. शीर्षक गावातील दोन रस्त्यांच्या चौकावरून घेतलेले आहे.

व्हरमाँट राज्यातील वॉटरफर्ड गावी एक चित्रपटमंडळी जुन्या पाणचक्कीवरील चित्रपटासाठी येते. परंतु ती चक्की कधीच जळून गेलेली असते. नायिका विवस्त्र दृश्यासाठी जादा ८ लाख डॉलर मागते. नायक एका अल्पवयीन मुलीसह मोटार-अपघातात सापडतो व नवोदित पटकथाकार जोसेफ व्हाइट हा त्याचा एकमेव साक्षीदार ठरतो.

शहरी भ्रष्टता विरुद्ध ग्रामीण निरागसता हा रूढ संकेत मॅमेट सरळपणे स्वीकारत नाही. गावाला प्रसिद्धीचा व पैशाचा मोह तत्काळ पडतो. महापौराचे जॉर्ज बेली हे नाव फ्रँक कॅप्राच्या इट्स अ वंडरफुल लाइफ (१९४६) मधील सत्प्रवृत्त नायकाचे आहे. तथापि या महापौराचा रोष भडकतो, तो पाहुणे भोजनास न आल्यामुळे. तुटक, वेगवान संवाद व विल्यम एच्. मेसी (दिग्दर्शक), फिलिप सेमोर हॉफमन (पटकथाकार) आणि रिबेका पिजन (ग्रंथविक्रेती अ‍ॅन) यांचा संयत अभिनय ही चित्रपटाची बलस्थाने होत.

पावित्र्य आणि दुसरी संधी हे चित्रपटांतर्गत चित्रपटाचे विषय व्हाइटच्याच जीवनात उतरतात. तो न्यायालयात खोटी साक्ष देतो. मात्र ते न्यायालय अ‍ॅनने उभारलेला देखावा होता, हे नंतर उघड होते. नाटकी खोटेपणातून सत्याला वाट मिळावी, ही कल्पना मार्मिक आहे. परंतु तो खरे सांगण्यास सिद्ध होतो, तेव्हा निर्मात्याने फिर्याद चालविणाऱ्या राजकारण्याला रोख लाच देऊन प्रकरण मिटविलेले असते. साहजिकच व्हाइटच्या प्रामाणिकपणाची किंमत त्याला मोजावी लागत नाही. अपघातातील मुलगीही अखेरीस केवळ कथानकाचे निमित्त उरते. दुसरी संधी लेखकाला मिळते, तिच्या वाट्याला आलेल्या अनुभवाची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. हा उपरोध हेतुपुरस्सर मानला, तरी सुखान्ताच्या घाईत त्याची धार बोथट होते. असे असूनही, सौद्याची भाषा नीतीच्या भाषेला कशी गिळून टाकते, याचे इतके हसतखेळत केलेले चित्रण विरळाच आढळते.