चार गावे, दोन पेये

गरोदरपणी आईला आणि पहिल्या दोन वर्षांत बाळाला पूरक आहार दिला, तर मूल हुशार होते का? या प्रश्नाची चर्चा निघाली की ग्वाटेमालातील एका प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. दाखला वजनदार आहे. पण तो ज्या थाटात दिला जातो, तेवढे तो प्रयोग सांगत नाही. आणि जे सांगतो, त्यातले शिक्षकांच्या कामाचे नेमके गाळले जाते.

'इन्काप' या पोषण संस्थेने १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत हा प्रयोग केला. दोन गावांत 'अतोले' हे पेय वाटले : वनस्पतिजन्य प्रथिनांचे पीठ, साय काढलेल्या दुधाची पूड आणि साखर. १८० मिलिलिटरच्या पेल्यात १६३ किलोकॅलरी आणि ११.५ ग्रॅम प्रथिने. उरलेल्या दोन गावांत 'फ्रेस्को' हे सरबत : ५९ किलोकॅलरी, प्रथिने शून्य. १९७१ पासून दोन्हींत जीवनसत्त्वे व खनिजे सारखीच घातली. औषधोपचार चारही गावांना मिळाला. एकत्र जमण्याचा, लक्ष पुरवले जाण्याचा फायदा दोन्हीकडे सारखा राहावा, म्हणून हे सरबत. प्रयोगाचा खरा कस इथे आहे.

अतोलेच्या गावांत तीन वर्षांखालील मुलांची उंची अधिक वाढली. पुढे मोठेपणी वाचनाच्या चाचण्यांत ती सरस ठरली, मुलींचे शिक्षण सुमारे १.२ इयत्तांनी वाढले. पहिली दोन वर्षे अतोले मिळालेल्या पुरुषांची ताशी मिळकत ४६ टक्क्यांनी जास्त निघाली, असे २००८ साली प्रसिद्ध झाले.

आता उणिवा पाहू. प्रयोग प्रथिनांसाठी योजला होता. पण अतोलेत उष्मांकही जवळजवळ तिप्पट. मग श्रेय कोणाचे? दुसरे, मुले शेकडो असली तरी गावे दोन विरुद्ध दोनच. एखाद्या गावची शाळा मुळात चांगली असेल, तर तिचा परिणाम अतोलेच्या खात्यावर जमा होऊ शकतो. तिसरे, ४६ टक्क्यांचा आकडा फक्त पुरुषांचा आणि फक्त ताशी मिळकतीचा आहे. वार्षिक उत्पन्नातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. भाषणांत मात्र हा आकडा सर्वांच्या नावावर खपतो.

आणि गाळले काय जाते? फ्रेस्कोच्या गावांत गरीब घरची मुले चाचण्यांत मागे होती. अतोलेच्या गावांत ही दरी जवळजवळ दिसली नाही. शिवाय जी मुले शाळेत अधिक इयत्ता शिकली, त्यांच्यात अतोलेचा फायदा अधिक दिसला. शाळेत टिकणारी मुले मुळातच वेगळी असू शकतात, हे ध्यानात ठेवूनही ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

'मेंदू दोन वर्षांतच घडतो, नंतर काही उपयोग नाही' असे आता सर्रास बोलले जाते. पहिलीच्या वर्गात खुरटलेले मूल समोर बसले असताना हे वाक्य मनात असेल, तर त्याच्याकडून आपण आधीच हात धुतलेले असतात. ग्वाटेमालातील प्रयोग तसे म्हणत नाही. बाळपणी पोटभर अन्न मिळायलाच हवे, हे तो ठामपणे सांगतो. पण त्या अन्नाचे चीज पुढे कुठे होते, असे विचारले तर तो शाळेकडे बोट दाखवतो.