वऱ्हाडी दुपार आणि लॅपटॉपचा पडदा

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या आसपास गेला की दुपारी दारं-खिडक्या लोटून घेतात, कूलर घरघरत असतो आणि खोलीत अंधारसर गारवा धरून राहतो. लॅपटॉपच्या पडद्याची खरी लज्जत घ्यावी ती अशा खोलीत.

साध्या एलसीडी पडद्यात चित्रामागे दिवे लावलेले असतात. समोरचे बिंदू त्यांचा उजेड कुठे अडवतात, कुठे सोडतात, एवढंच. पान काळं केलं तरी मागचे दिवे जळतच राहतात, म्हणून एलसीडीवर डार्क मोडने बॅटरी वाचेल ही आशा फोल आहे. वाचते ती ब्राइटनेस उतरवल्याने. अंगणात कडुलिंबाखाली बसलात तर ब्राइटनेस 100 टक्के करूनही अक्षरं धड दिसत नाहीत; आतल्या खोलीत 30 टक्क्यांवर पान स्वच्छ वाचता येतं. हिशेब सोपा आहे. बॅटरी 50 वॅट-तासांची आणि एकूण खर्च 10 वॅट असेल तर ती 5 तास पुरते. ब्राइटनेस उतरवून त्यातले 3 वॅट वाचले, तर 7 तास ओलांडते. मग लाइन गेली, कूलर थांबला, तरी हातातलं काम पुरं होतं.

ओएलईडीची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो आणि काळा बिंदू म्हणजे चक्क विझलेला बिंदू. तिथला डार्क मोड डोळ्यांनाही सुखावतो आणि बॅटरीलाही.

मला सर्वांत मोह पडतो तो मात्र पडद्याच्या स्वस्थ बसण्याचा. 2011 साली लॅपटॉपच्या पडद्यांसाठीच्या मानकात एक सोय आली: चित्र बदलत नसेल तर पडदा ते स्वतःच्या स्मृतीतून दाखवत राहतो आणि ग्राफिक्स चिपला तेवढी उसंत मिळते. आपण एखादा परिच्छेद दोनदा वाचत असतो, तेव्हा आत ही विश्रांती चाललेली असते. किती शहाणी रचना! मग अमरावतीच्या अभ्यासिकेत पीडीएफ वाचणाऱ्या मुलीने पडद्याचे 120 हर्ट्झ का ठेवावेत? सेकंदाला 60 वेळा ताजं होणारं चित्र तिला भरपूर आहे. 120चं सुख भराभर सरकणाऱ्या पानात आणि खेळात.

बॅटरीसाठी रिझोल्यूशन उतरवण्याचा सल्ला मात्र मी मानत नाही, निदान मराठी वाचणाऱ्यासाठी तरी नाही. 1920×1080 च्या पडद्यावर 1366×768 लावलं की चिपला जवळजवळ निम्मे बिंदू रंगवावे लागतात आणि जड खेळ खरोखरच सुरळीत चालतो. पण पडद्याचे बिंदू आहेत तेवढेच राहतात, मागचे दिवेही तसेच जळतात. वाचन-लेखनात बॅटरीच्या पदरात फारसं काही पडत नाही. उलट अक्षरं बिघडतात. उतरवलेल्या रिझोल्यूशनवर ‘वऱ्हाड’मधला अर्धा र जवळून पाहा: त्याची बारीक वळणदार रेघ शेजारच्या बिंदूंत सांडते, अनुस्वाराचं टिंब पसरट होतं, रफार शिरोरेषेत मिसळतो. देवनागरीला प्रत्येक बिंदू हवा असतो. वाचवायचंच असेल तर ब्राइटनेस उतरवा, हर्ट्झ उतरवा. अक्षराला हात लावू नका.